गोवर आणि शरीराची स्मृती

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'ज्येष्ठ पत्रकार' असे छापले आहे आणि विषय आहे मानवी शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेचा. ही जोडी पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु २०२० सालापासून 'प्रतिकारशक्ती' हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथातून उठून थेट बाजारपेठेत येऊन बसला. काढे, चूर्णे, गोळ्या तर सोडाच, गाद्यासुद्धा या शब्दाच्या आधाराने विकल्या गेल्या. एखादा शब्द इतक्या तोंडांतून फिरू लागला की त्याचा मूळ अर्थ काय होता, हे विचारणे पत्रकाराचे कर्तव्य ठरते. तेवढ्याच अधिकाराने मी आज आपल्यापुढे उभा आहे.

विषय अथांग आहे. म्हणून मी एकच रोग निवडला आहे: गोवर. आपल्या घरांतून ज्याला आजही 'लहान मुलांचा आजार' म्हणून काहीशा मायेनेच संबोधले जाते, तो गोवर. ही निवड हेतुपुरस्सर आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था किती अद्भुत आहे आणि ती नेमकी कोठे घायाळ होऊ शकते, या दोन्ही गोष्टी या एका रोगात जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात. आणि दुसरे कारण असे की २०२२ च्या अखेरीस आपल्याच मुंबईत, मालेगावात आणि भिवंडीत या रोगाने कोवळी मुले दगावली. त्याकडे मी नंतर येतो.

प्रारंभ एका दूरच्या बेटापासून करू. उत्तर अटलांटिक महासागरात फॅरो नावाचा एक द्वीपसमूह आहे. १८४६ साली तेथे गोवराची साथ आली. बेटांवरील सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी सहा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. डेन्मार्कच्या शासनाने पीटर पानुम नावाच्या अवघ्या पंचविशीतल्या डॉक्टरला तेथे धाडले. विषाणू म्हणजे काय हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. पानुमजवळ सूक्ष्मदर्शकापेक्षा अधिक मोलाचे एक साधन होते, ते म्हणजे प्रश्न विचारण्याची चिकाटी. तो गावोगाव, घरोघर हिंडला. रुग्णाचा संपर्क कधी आला, पुरळ कधी उठले, याच्या तारखा त्याने जुळवल्या आणि संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात हे निश्चित केले. त्याच भ्रमंतीत त्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. या बेटांवर त्याआधीची साथ आली होती १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या साथीत ज्यांना बालपणी गोवर झाला होता असे अनेक वृद्ध अद्याप हयात होते. त्यांच्यापैकी एकालाही १८४६ मध्ये गोवर झाला नाही. ज्या वृद्धांना बालपणी तो झालेला नव्हता, ते मात्र नातवंडांसोबत अंथरुणाला खिळले.

विचार करा. पासष्ट वर्षे! मधल्या काळात त्या बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता. या माणसांना स्वतःला कदाचित त्या आजारपणाची आठवणही उरली नसेल. पण त्यांच्या शरीराला होती. ही आठवण शरीरात कोठे लिहिलेली असते, कोण लिहिते आणि कोण पुसते, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

शरीराच्या रक्षणाची पहिली तटबंदी आपल्याला दिसते. ती म्हणजे त्वचा. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर सुमारे दोन चौरस मीटर भरेल. नाकातील चिकट स्राव, श्वासनलिकेतील सूक्ष्म रोमांची अखंड चाललेली झाडलोट, अश्रूंमधील जंतुनाशक द्रव्य, जठरातील आम्ल हे सारे त्याच तटाचे भाग. यांना शत्रू कोण याची ओळख नसते. आलेल्या प्रत्येकाला ते अडवतात.

तट ओलांडून जो आत येतो त्याला गाठ पडते ती भक्षकपेशींची. त्यांचा शोध फार रम्य आहे. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतील मेसिना येथे राहत होता. ताऱ्याच्या आकाराच्या माशाच्या पारदर्शक अळीत त्याने एक बारीकसा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! पायात काटा मोडला की तेथे पू होतो, हे आपण सारेच जाणतो. त्या पूमध्ये रोग नसून रक्षण आहे, हे मेचनिकॉव्हने ओळखले. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही पॉल एरलिख यांच्यासमवेत विभागून. गंमत अशी की दोघांची मते परस्परविरोधी मानली जात. मेचनिकॉव्ह म्हणे, रक्षण पेशी करतात. एरलिखचा पक्ष म्हणे, रक्तात विरघळलेली द्रव्ये करतात. दोघेही खरे होते, हे ठरायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

आता गोवराचा विषाणू नाकावाटे आत शिरतो तेव्हा काय घडते ते पाहू. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत टिकू शकतो. गोवराचा एक रुग्ण, आसपास कोणीच संरक्षित नसेल तर, बारा ते अठरा जणांना तो देतो असे मानतात. मानवाला ज्ञात असलेल्या रोगांत इतका संसर्गजन्य रोग विरळाच. फुप्फुसात आणि श्वासमार्गात भक्षकपेशी पहारा देत असतात. त्यांच्याजवळच झाडाच्या फांद्यांप्रमाणे हात पसरलेल्या काही पेशी असतात. त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. यांचे काम लढणे नव्हे, हेरगिरीचे. घुसखोराचा एखादा तुकडा उचलायचा आणि जवळच्या लसीकाग्रंथीत जाऊन तो दाखवायचा. घसा दुखला की मानेला ज्या गाठी लागतात, त्या याच. राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या पेशी ओळखल्या. २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि नंतर निवड समितीला कळले की घोषणेच्या तीनच दिवस आधी ते कर्करोगाने निवर्तले होते. मृत्यूनंतर हे पारितोषिक देत नाहीत. पण त्या एका वेळी निर्णय बदलला गेला नाही.

गोवराचा कावा येथे दिसतो. इतर बहुतेक विषाणू पहारेकऱ्याची नजर चुकवून आत शिरतात. गोवर पहारेकऱ्याच्याच पाठीवर बसून येतो. भक्षकपेशी आणि डेंड्रिटिक पेशी यांच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असते; विषाणू त्याच्या आधारे त्यांच्यात शिरतो. पहारेकरी बिचारा बातमी देण्यासाठी लसीकाग्रंथीत जातो आणि शत्रूला आपल्याच हाताने राजधानीत पोहोचवतो. तेथे तर त्या प्रथिनाचे धनी असलेल्या पेशी खच्चून भरलेल्या असतात.

या राजधानीचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. लसीकाग्रंथी, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांमध्ये श्वेतपेशींची दोन मोठी कुळे नांदतात: 'बी' आणि 'टी'. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही रक्तात फिरणारी प्रथिने विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात. टी पेशींपैकी काही आज्ञा देतात, तर काही स्वतः जाऊन संसर्ग झालेल्या पेशींचा नाश करतात. प्रश्न असा की आजवर कधीही न पाहिलेल्या शत्रूला हे ओळखतात कसे? जगात जंतू अगणित. मानवाजवळ प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार. मग कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे कोणत्या आराखड्यावरून घडतात?

ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये याचे उत्तर मांडले. शत्रू आला म्हणून शस्त्र घडवले जात नाही. असंख्य प्रकारची शस्त्रे आधीच घडवून ठेवलेली असतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे शस्त्र बाळगते. ज्या पेशीचे शस्त्र आलेल्या शत्रूला बरोबर बसते, तिचीच वाढ होते. एकीच्या हजारो होतात. आणि इतकी विविधता येते कोठून? सुसुमू टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवून दिले की या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे करून ते निरनिराळ्या क्रमाने जोडतात. आपण मूठभर अक्षरांतून साऱ्या मराठीचे शब्द घडवतो, तसाच हा प्रकार. मी भाषेचा विद्यार्थी असल्याने मला ही उपमा आवडते. जीवशास्त्रज्ञांनी ती चालवून घ्यावी.

पण या पद्धतीत एक भयंकर धोका आहे. मन मानेल तसे शब्द घडवत गेले तर त्यात शिव्याही घडणारच! काही पेशींचे शस्त्र परक्यावर न चालता स्वतःच्याच शरीरावर चालेल. म्हणून छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची कठोर परीक्षा होते. जी पेशी काहीच ओळखत नाही ती नापास, आणि जी स्वकीयांवर उठते तीही नापास. नापास म्हणजे मृत्यू. शंभरातील जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. एवढी चाळणी लावूनही काही घातक पेशी निसटतातच. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक पेशी वेगळ्या असतात. त्यांच्या शोधासाठी जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेचे मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

येथे मला त्या बाजारातल्या शब्दाकडे वळावेसे वाटते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे नेमके काय वाढवा? संधिवाताचा एक प्रकार, बालपणी होणारा मधुमेह, हे रोग प्रतिकार कमी पडल्याने होत नाहीत. प्रतिकार यंत्रणा स्वतःवरच उलटल्याने होतात. कोविडमध्ये गंभीर झालेल्या अनेक रुग्णांच्या फुप्फुसांची हानी विषाणूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, स्वतःच्या यंत्रणेच्या अनावर प्रकोपाने झाली. म्हणून तर डेक्सामेथासोनसारखे, हा प्रकोप शमवणारे साधे स्वस्त स्टिरॉइड प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, असे २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. सकस अन्न, पुरेशी झोप, व्यायाम यांनी ही यंत्रणा सुस्थितीत राहते, यात शंका नाही. आपल्या आज्या हेच सांगत आल्या. पण एखादी गोळी घेऊन ती 'वाढते' हा समज घरातील चूल जितकी भडकेल तितका स्वयंपाक चांगला, अशा धाटणीचा आहे.

आता पुन्हा त्या आजारी बालकाकडे जाऊ. संसर्गाला दहा-बारा दिवस झाले आहेत. ताप चढला आहे, डोळे लाल झाले आहेत, नाक वाहते आहे. आणखी तीन-चार दिवसांत कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ उतरू लागते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यात बातमीदारी करताना एका आजींनी मला बजावले होते, "दादा, गोवर बाहेर पडायला पाहिजे. आत जिरला की वाईट." पोराच्या उशाशी त्यांनी कडुनिंबाचा पाला ठेवला होता. शहरी शहाणपणाने मी तेव्हा मनातल्या मनात हसलो असेन. आजींच्या म्हणण्यात निरीक्षण मात्र होते. गोवराचे पुरळ हे विषाणूने केलेले व्रण नसतात. त्वचेतील संसर्गित पेशींवर टी पेशी तुटून पडतात, त्या चकमकीच्या त्या खुणा असतात. ज्या बालकांची पेशींची ही व्यवस्थाच मोडकळीस आलेली असते, त्यांना काही वेळा पुरळ उठतच नाही, आणि अशीच बालके अधिक धोक्यात असतात. पुरळ न उठणे वाईट, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयांनी पाहिले होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते, इतकेच. अर्थात पाल्याने उपचार होतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. गोवराच्या बालकाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तो उपचार आहे, प्रतिबंध नव्हे.

पुरळ मावळते, ताप उतरतो, आई सुटकेचा निःश्वास टाकते. शरीराने गोवर जिंकला आणि त्याची आठवण आयुष्यभरासाठी कोरून ठेवली. फॅरोच्या वृद्धांप्रमाणेच. परंतु ही आठवण मिळवताना शरीराने काय गमावले?

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. क्षयाची बाधा झालेल्या मुलांच्या त्वचेत विशिष्ट द्रव्य टोचले की तेथे लाली येते. शरीराला क्षयाच्या जंतूची आठवण आहे याची ती खूण. या मुलांना गोवर होताच ती लाली येईनाशी झाली. जणू आठवण पुसली गेली. याचे कारण कळायला शतक लागले. शरीरातील स्मृतिपेशी, म्हणजे मागे होऊन गेलेल्या संसर्गांची ओळख जपून ठेवणाऱ्या पेशी, यांच्या पृष्ठभागावर गोवराला प्रवेश देणारे तेच प्रथिन भरपूर असते. विषाणू त्यांच्यात शिरतो आणि त्या मरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. अन्य रोगांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नष्ट झाली होती! म्हणजे न्यूमोनिया, जुलाब, फ्लू यांच्याशी लढून मुलाने जी विद्या कमावली होती, तिचा मोठा हिस्सा गोवर जाताना घेऊन गेला. लस घेतलेल्या मुलांत अशी हानी आढळली नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. गोवर येऊन गेल्यावर दोन-तीन वर्षे अन्य संसर्गांनी होणारे बालमृत्यू वाढलेले असतात, असे ब्रिटन, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या नोंदींच्या अभ्यासातून २०१५ मध्ये पुढे आले. मूल न्यूमोनियाने गेले, असे दाखल्यावर लिहिले जाते. खरा अपराधी वर्षभर आधीच घरातून निघून गेलेला असतो. कोवळ्या वयात गोवर झालेल्यांपैकी थोड्यांच्या मेंदूत हा विषाणू दडून राहतो आणि अनेक वर्षांनी, शाळेत हसतेखेळते असलेले मूल हळूहळू सारे विसरत जाते. या विकारावर अद्याप हमखास उपाय नाही.

मग शरीराला गोवराची आठवण तर मिळावी, पण इतकी किंमत मोजावी लागू नये, असे काही करता येईल का? लस म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर होय.

हा विचार भारतभूमीला परका नव्हता. अठराव्या शतकात बंगालमध्ये 'टिकादार' गावोगाव फिरून देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचत असत. हॉलवेल नावाच्या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये लंडनमध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. चीनमध्ये आणि तुर्कस्तानातही अशा पद्धती होत्या. ही आपली खरी, कागदोपत्री नोंद असलेली परंपरा आहे. म्हणूनच गायीच्या देवीची लस धन्वंतरीने सांगितली होती, असा जो एक संस्कृत श्लोक अधूनमधून फिरवला जातो, त्याबद्दल मला खेद वाटतो. तो श्लोक बनावट आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जेन्नरच्या लसीला येथील लोकांनी स्वीकारावे म्हणून इंग्रजी अमदानीत अशी रचना करण्याचे उद्योग झाले. पूर्वजांचा अभिमान बाळगण्यासाठी आपल्याला खोट्या श्लोकाची गरज का पडावी?

जेन्नरच्या लसीचे भारतातील पहिले यशस्वी टोचण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईतच आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. गोवराच्या लसीची कथा मात्र अमेरिकेची. १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली असता जॉन एन्डर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला. तो प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून दुबळा केला गेला. १९६३ मध्ये लस आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आज जी गोवराची लस बनवून जगभर धाडते, तिचा वाणही त्याच मुलाच्या विषाणूपासून आलेला 'एडमन्स्टन-झाग्रेब' हा आहे. लसीपूर्वी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसे गोवराने मरत. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ७ हजारांवर आली होती. त्यांत बहुतांश पाच वर्षांखालील बालके होती.

आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे; दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का, असे अनेक माता विचारतात. आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळालेली असतात. ही आईने बांधून दिलेली शिदोरी काही महिने पुरते. ती असेपर्यंत लस दिली तर लसीतला दुबळा विषाणूच तिच्या तडाख्यात सापडतो आणि बाळाच्या स्वतःच्या पेशींना काही शिकायला मिळत नाही. शिदोरी फार आधी संपली तर बाळ उघडे पडते. नऊ महिने हा या दोहोंमधला तोल आहे. या वयात दर शंभर बालकांपैकी सुमारे ८५ जणांत लस लागू पडते. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. ती मुख्यतः उरलेल्या पंधरांसाठी असते. ती पंधरा बालके कोणती हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती सर्वांना द्यायची.

आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांचे काय? त्यांना सांभाळतात ती भोवतालची माणसे. शंभरातील ९५ जण संरक्षित असतील तर विषाणूला पुढचे घर सापडत नाही. हे प्रमाण ९० वर आले तरी त्याला वाट मिळते.

ती मिळाली २०२२ मध्ये. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागात साथ भडकली. मालेगाव, भिवंडी येथेही ती पोहोचली. ही नावे घेताच काही जणांच्या मनात वेगळीच गणिते मांडली जातात, हे मी जाणतो. त्यांना मी नम्रपणे सांगेन की गोवराला दाटी कळते, कुपोषण कळते आणि चुकलेली मात्रा कळते. चौथे काही त्याला कळत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, बाप पहाटे कामावर, लसीकरणाचा वार चुकला तर आईची दिवसाची मजुरी बुडते. प्रशासनाने तेव्हा स्थानिक धर्मगुरूंची मदत घेतली, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही उद्रेकाच्या भागात जादा मात्रा देण्यात आली आणि आशाताई दारोदार फिरल्या. गोवर-रुबेलाच्या निर्मूलनाचे २०२३ चे राष्ट्रीय लक्ष्य मात्र हुकले. त्यानंतर २०२६ हे वर्ष ठरवण्यात आले.

अविश्वास काय करू शकतो याचे उदाहरण सामोआ या चिमुकल्या द्वीपराष्ट्राचे. २०१८ मध्ये तेथे दोन बालके लस टोचल्यानंतर दगावली. दोष लसीचा नव्हता. ती मिसळताना परिचारिकांनी पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध वापरले होते. पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण कित्येक महिने थांबले आणि बालकांतील प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरले. २०१९ मध्ये गोवर आला. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ मृत्यू झाले, बहुतेक चिमुरडीच. डिसेंबरात सारे राष्ट्र दोन दिवस बंद ठेवून पथके घरोघर गेली. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल, त्या घराबाहेर लाल कापड बांधायचे होते.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा ब्रिटिश शोधनिबंध २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने मागे घेतला, तरी त्याची अफवा जिवंतच राहिली. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२५ च्या साथीत लस न घेतलेली दोन मुले दगावली आणि त्याच वर्षी कॅनडाने आपला गोवरमुक्तीचा दर्जा गमावला.

आत्ताच एक चिठ्ठी माझ्याकडे आली आहे. श्रोता विचारतो, 'नैसर्गिक गोवराने मिळणारी प्रतिकारशक्ती लसीपेक्षा अधिक टिकाऊ नाही का?' प्रश्न रास्त आहे आणि उत्तर टाळणार नाही. गोवर होऊन गेलेल्याच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण सहसा अधिक असते. अशा आईकडून बाळाला मिळणारी शिदोरीही थोडी अधिक काळ पुरते. हे खरे आहे. पण तो गोवर होऊन 'गेलेल्यां'चा हिशेब आहे. ज्यांना गोवर घेऊन गेला, त्यांचे रक्त कोणी तपासलेले नाही. आणि जे उरले, त्यांनी एक आठवण मिळवताना इतर किती गमावल्या ते मघाच आपण पाहिले. लसीतून ती एकच आठवण मिळते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. चिठ्ठीच्या खाली विचारले आहे की मुलगा सहा वर्षांचा आहे आणि दुसरी मात्रा झाली की नाही हे आठवत नाही, आता काय करावे? घरी जाऊन लसीकरणाचे कार्ड शोधा. सापडले नाही तर ते घेतल्याचे गृहीत धरू नका, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. एखादी मात्रा पुन्हा टोचली गेली तरी तिने काही बिघडत नाही.